कमरा

पुण्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात पहिल्याच दिवशी मी विचारलं, "माझा कमरा कोणता?" रांगेतली मुलगी हसली. "कमरा? तू हिंदीवाली आहेस का?" वर्ध्याकडच्या आमच्या आर्वीत सगळे कमराच म्हणत. त्या दिवसापासून मी खोली म्हणू लागले. पुढे वर्ध्याच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागल्यावर मुलांच्या वह्यांतल्या कमऱ्याभोवती लाल गोल करायची.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. एकदा शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. बाबा त्यांना म्हणाले, "त्या कमऱ्यात बसा, तिथं हवा हाये." मी पटकन म्हणाले, "खोली, बाबा." त्यानंतर माझ्यासमोर बोलताना ते त्या शब्दापाशी अडखळत आणि मग सावकाश 'खोली' म्हणत. मला तेव्हा ते बरंच वाटायचं.

गेल्या वर्षी मी वह्या तपासत होते. बाबा शेजारी बसले होते.

"या पोरीच्या कमऱ्याले गोल काऊन केला?"

"हिंदी शब्द आहे तो."

"कोनं सांगतलं?"

त्यांना दाखवायलाच मी शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश काढला. त्यात निघालं भलतंच. हिंदीनंही तो शब्द पोर्तुगीजांकडून घेतलेला आणि पोर्तुगीजांना तो लॅटिनमधून मिळालेला. मूळ शब्द 'कामेरा', म्हणजे कमानीच्या छताची खोली. इटलीत आजही खोलीला कामेराच म्हणतात. फ्रेंचांनी त्याचं शांब्र केलं, जर्मनांनी कामर. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून उजेड आला की भिंतीवर बाहेरचं चित्र उमटतं. त्या खोलीचं लॅटिन नाव पुढे फोटोच्या यंत्राला चिकटलं.

मी हे मोठ्यानं वाचलं.

"म्हंजे मोबाईलमधला कॅमेरा अन् आपला कमरा भाऊ-भाऊ?"

"तसंच."

"मंग तुले कायची लाज वाटून राह्यली होती?"

वहीतल्या गोलावर काट मारून मी बाजूला 'बरोबर' लिहिलं आणि सही केली. बाबांची माफी मागायची होती, पण मी उठून चहा ठेवला.

बाबांची सवय मात्र राहिलीच. माझ्यासमोर ते अजूनही खोलीच म्हणतात. आर्वीच्या मित्राशी फोनवर बोलताना तेवढं कमरा म्हणतात, तेही आवाज जरा खाली घेऊन.