रीडरबाबूंच्या घरची पेशी

घरात कोणी काही मागितलं की आमचे रीडरबाबू चष्मा कपाळावर चढवत, डोळे मिटत आणि म्हणत, "पुढच्या पेशीले पाहू." मुलीला चपला हव्या असोत, बायकोला माहेरी जायचं असो, की पावसाआधी घराच्या छपराची कवेलू फेरायची असोत, उत्तर हेच.

पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. सौंसरच्या तहसिलीत बाबूजी रीडर होते. तहसीलदार साहेबांच्या बाजूला बसून प्रकरणं काढायची, कागद पुढे सरकवायचे आणि शेवटी पुढची तारीख द्यायची, हे त्यांचं काम. हापिसातली बोली घरी घेऊन येणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण आमच्या बाबूजींचं गणित उलटं होतं. हापिसात तारीख द्यायची म्हटलं की त्यांच्या जिवावर येई, आणि घरी मात्र ते सढळ हातानं तारखा वाटत.

याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे पाहत. त्यांचे वडील मोहगावकडे लोकांच्या संत्र्याच्या बगिच्यांत कलमं बांधायचे. घरची दोन एकर कोरडवाहू होती, तिच्यावर भावकीतल्या एकानं आपलं नाव चढवून घेतलं. त्या नोंदीची सरकारी नक्कल मिळाली तर भांडता येईल म्हणून म्हातारा पायी सौंसरला यायचा आणि तहसिलीच्या निंबाखाली बसायचा. पाच वाजले की कोणीतरी बाहेर येऊन सांगायचं, "आज नाही. पुढच्या सोमवारी या." एक हिवाळा आणि एक उन्हाळा असा गेला. म्हातारा सौंसरला आला त्या दिवशी मजुरी बुडायची आणि घरची चूल एकदाच पेटायची. नक्कल हातात आली तेव्हा त्या वावरात पेरणी होऊन गेली होती, दुसऱ्याच्या हातानं.

म्हणून बाबूजी समोर आलेल्या माणसाला नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. रजिस्टरातून मान वर न काढता पहिला प्रश्न, "गाडी कितीची?" ज्याची बस आधी, त्याचं काम आधी. नंबर गेला चुलीत.

एकदा एक वकील तणतणले, "बाबूजी, माझा नंबर पहिला होता."

"वकीलसाहेब, तुमच्यापाशी स्कूटर हाय. या म्हातारीपाशी पाय हायेत, अन् तेही वाकडे."

म्हातारी हसली. वकीलही हसले, पण जरा उशिरा.

आता तुम्हीच सांगा, दिवसभर माणसांचं काम केल्यावर कागदांचं काम कधी होणार? ते सुरू होई लोक गेल्यावर. कंदिलासारखा पिवळा एक बल्ब लावून बाबूजी आठ-साडेआठपर्यंत लिहीत बसत. घरी निघाले की काखेत लाल फडक्यात बांधलेला कागदांचा बस्ता. रविवारी तोच बस्ता घरच्या ओसरीवर सुटे. त्यांची धाकटी मुलगी त्या बस्त्याला 'बाबांचा तान्हा' म्हणायची.

ऐंशीच्या सुरुवातीला मी तिथे छोटा बाबू म्हणून लागलो. आमच्या घराण्यात मी पहिला ग्रॅज्युएट, आणि हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगत असे. अजूनही सांगतो. बाप जिनिंगमध्ये कपाशीचे बोद, म्हणजे मोठाली पोती, वाहायचा, त्याच्या पोरानं बीए केलं, हे सांगण्यासारखंच आहे. बाबूजी स्वतः अकरावी. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ठेवलं, 'ग्रॅज्युएट'. "ग्रॅज्युएट, हा लिफाफा चिकटव. डिगरीचा काही तरी उपयोग होऊ दे."

मी त्यांच्याच गल्लीत, समोरच्या घरात आईसोबत राहायचो. त्यामुळे हापिसातले बाबूजी मी दिवसा पाहत होतो आणि घरातले बाबूजी संध्याकाळी ऐकत होतो. म्हणजे बाबूजी घरी नसतच. त्यांच्याविषयी जे बोललं जाई ते ऐकत होतो.

बाबूजींच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. वहिनींचं माहेर पांढुर्ण्याचं. त्यांच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं. वहिनी मुलींना घेऊन चार दिवस आधी गेल्या. बाबूजींनी सकाळच्या गाडीनं यायचं ठरलं. सकाळी मोहगावचा एक शेतकरी सीमांकनाचा कागद घेऊन आला, मग दुसरा आला, मग तिसरा. बाबूजी पोचले ते मांडवाचे बांबू सोडत होते तेव्हा.

"लग्न लागलं काय?" त्यांनी विचारलं.

"लग्न लागलं, पंगती उठल्या, वरात गावभर फिरून आली," वहिनी म्हणाल्या. "आता तुम्ही कायले घाई करता? एकदम बारशालेच या."

वहिनी अशा. तोंडानं तिखट, आणि मनातली गोष्ट मनातच ठेवणाऱ्या. ती मनातली गोष्ट मला आईकडून कळली. वहिनी आठवीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांना प्रायव्हेट मॅट्रिक करायचं होतं आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. दोन वर्षं त्यांनी फॉर्म भरला आणि दोन्ही वर्षं परीक्षेला बसल्याच नाहीत. संध्याकाळी पुस्तक उघडलं की मोठीचा गृहपाठ, धाकटीचा खोकला, तव्यावरची भाकर, आणि नवरा हापिसात. बाबूजींना सांगितलं की चष्मा कपाळावर. पण सरकारी नोकरीला वयाची मर्यादा असते. वहिनींपाशी आता एकच परीक्षा उरली होती. ही हुकली तर पुढे मॅट्रिक होऊनही नोकरी नव्हती.

दिवाळीनंतर एका सकाळी वहिनी आमच्याकडे कोरा कागद घेऊन आल्या.

"भाऊजी, तहसिलीत अर्ज कसा लिहितात?"

"कोणाच्या विरुद्ध, वहिनी?"

"तुमच्या बाबूजीच्या."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "घरी सांगून पाहिलं. घरी त्यायले ऐकू येत नाही. हापिसातच ऐकू येते."

मग मी लिहिलं. सौंसर हिंदी राज्यात, कोर्टाची भाषा हिंदी, म्हणून वहिनी सांगत गेल्या तसं मी हिंदीत उतरवत गेलो. अर्जदार म्हणून वहिनी, गैरअर्जदार म्हणून बाबूजी. मागणी एकच, की परीक्षा होईपर्यंत गैरअर्जदारानं रोज साडेपाचला हापिसातून निघून घरी हजर व्हावं आणि मुली व चूल यांचा ताबा घ्यावा. 'ताबा' हा शब्द माझा. वहिनी म्हणाल्या, "चांगला शब्द हाय. राहू द्या."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. नोकरी नवी, बाबूजी वरिष्ठ. पण वहिनींनी कागदाखाली सही केली ती इतकी सावकाश, एकेक अक्षर बसवून, की मला मागे फिरायची लाज वाटली. मी चोरून एवढंच केलं की तहसीलदार साहेबांना आधी सांगून ठेवलं. साहेब इंदूरकडचे, वयस्क, रिटायरमेंटला टेकलेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लंच में लाओ."

दुपारी कोर्ट उठलं. लोक डबे सोडायला निंबाखाली गेले. बाबूजी मात्र खुर्चीतच लिहीत होते. वहिनी आत आल्या. इस्त्रीचं लुगडं, दोन्ही बाजूंना दोन मुली, दोघींच्या वेण्यांना लाल फिती. टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. बाबूजींनी मान वर न करता विचारलं, "बाई, गाडी कितीची?"

"माझी गाडी दोन वर्षांपासून सुटून राहिली," वहिनी म्हणाल्या.

बाबूजींचा टाक थांबला. त्यांनी आधी मुलींच्या फिती पाहिल्या, मग बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात मी शिकवून ठेवलेल्या चपराशानं दारातून बाबूजींच्या नावानं खणखणीत पुकारा केला, "हाजिर हो!" निंबाखालचे लोक भाकर हातात घेऊन खिडकीशी जमा झाले.

साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला. "रीडर बाबू, कुछ कहना है?"

बाबूजी उभे राहिले. कान लाल झाले होते. सवयीनं तोंडातून निघालं, "हुजूर, तारीख मिल जाए तो..."

खिडकीत हशा उसळला. वर्षानुवर्षं ज्यांनी तारखा भोगल्या ते लोक ते. सर्वांत मोठ्यानं हसली ती वाकड्या पायांची म्हातारी.

"तारीख नहीं मिलेगी," साहेब म्हणाले, आणि अर्जाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं 'मंजूर' लिहून कागद वहिनींच्या हातात दिला.

गंमत इथे संपली असती तर मी ही हकिकत नुसती हसवायला सांगितली असती. संध्याकाळी साडेपाच वाजले तरी बाबूजी उठले नाहीत. मी टेबलापाशी गेलो.

"बाबूजी, निघा ना जी."

"निघतो. पण उद्यापासून गावातला माणूस आला, त्याचा कागद संध्याकाळी तयार नसला, तर तो निंबाखालीच बसून राहीन ना?" आवाज एकदम बारीक झाला होता. "माहा बाप बसला होता तसा."

मी म्हणालो, "मी लिहीन. तुम्ही मले कधी सांगितलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडून लिफाफे चिकटवून घेतले होते, पण आदेशाची एक ओळ लिहून घेतली नव्हती. गावच्या माणसाची कदर आपल्याशिवाय कोणाला नाही असं ते खरंच समजून चालले होते. जिनिंगमधल्या बोदवाल्याचा पोरगा समोर बसला आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मला त्या क्षणी थोडा रागही आला, तो मी लपवला नाही. म्हणालो, "माह्याही बापानं चकरा मारल्या हायेत, बाबूजी."

त्यांनी टाक माझ्यापुढे ठेवला. "समासात खाडाखोड करू नको," एवढंच बोलले आणि छत्री घेऊन निघाले.

बाबूजी घरी आले, पण घराला त्यांची सवय नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी वरणात हळद टाकली नाही, मग टाकली ती दोनदा. धाकटीची वेणी घालताना तिचं डोकं असं ताणून धरलं, की ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "बाबा मायं डोकं बस्त्यावानी बांधून राहिले." मोठीनं पाढे म्हणून दाखवले तर सवयीनं म्हणाले, "ठीक आहे, पुढे."

पण दहा-पंधरा दिवसांनी एक वेगळंच दिसलं. मागच्या परसात जंबुरीची, म्हणजे रानटी लिंबाची, रोपं होती, आपोआप उगवलेली. बाबूजींनी ट्रंकेतून वडिलांचा कलमाचा चाकू काढला, दगडावर घासला, आणि ओळखीच्या बगिच्यातून संत्र्याच्या काड्या आणल्या. जंबुरीच्या सालीला चीर देऊन आत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून घट्ट बांधायचं, हे काम त्यांच्या बोटांना येत होतं, मी ते पहिल्यांदा पाहिलं. हापिसात सदा वाकलेला तो माणूस परसात उकिडवा बसून गुणगुणत होता. दोघी मुली पट्ट्या धरून बसल्या होत्या.

"बाबूजी, हे तुम्हाला येते?"

"हेच येते रे," ते म्हणाले. "बाकीचं शिकलो."

तिकडे वहिनी आमच्या ओसरीवर आईच्या पहाऱ्यात अभ्यास करत. गणित त्या स्वतःच काढत. इंग्रजी शिकवायला मी. बीए असल्यामुळे मी ते फार ऐटीत शिकवलं. मार्चमध्ये परीक्षा झाली, आणि निकाल आला तेव्हा वहिनी सगळ्या विषयांत पास होत्या, एक सोडून. इंग्रजी.

बाबूजी निकालाचा पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आले. "ग्रॅज्युएट साहेब, माह्यं वरण बिघडलं तर आठ दिवसांत सुधारलं. तुमचं इंग्रजी?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. वहिनी मात्र रडल्या नाहीत. पुरवणी परीक्षा होती, आणि वयाची मर्यादा तिच्या निकालानंतर थोड्याच दिवसांनी संपत होती. त्या दोन महिन्यांत तहसिलीत पीकपाहणीची गर्दी होती, वरून फोन येत होते, दोनदा साहेबांनी स्वतः थांबायला सांगितलं. बाबूजी दोन्ही वेळा म्हणाले, "साहेब, आपलाच हुकूम आहे," आणि निघाले. मागे राहिलेलं काम आम्ही दोघा-तिघांनी वाटून घेतलं. नवीन साहेब आल्यावरही ते वाटलेलंच राहिलं. बसची वेळ विचारायचं मीही सुरू केलं.

बाबूजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रिटायर झाल्यावर तीनच हिवाळे मिळाले त्यांना. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो तर ते परसात खाटेवर होते आणि धाकटी, जी तेव्हा स्वतः एका मुलाची आई होती, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. तिच्या मनगटावर बोटं ठेवून पडले होते. मी दारातूनच परतलो.

वहिनी त्या वर्षी पुरवणी परीक्षेत इंग्रजीत पास झाल्या. वय निघायला नऊ दिवस उरले असताना त्यांचा अर्ज गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर तिगावजवळच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत त्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या.