गाळाने वसवलेलं गाव

सिंगापूरच्या टोकाला, पुंगोलमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये एक खोली जास्तीची आहे. नवरा गेल्यावर तिचं बंद दार बघवेना, म्हणून मी ती भाड्याने दिली. राहायला आली ती नाशिकची मुलगी, इथल्या विद्यापीठात पीएचडीनंतरचं संशोधन, पोस्टडॉक करणारी. विषय गाळ. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ कुठे साचतो आणि का साचतो, यावर माणूस आख्खं आयुष्य काढू शकतो हे मला तिच्यामुळे कळलं. एकदा लॅब बंद होती म्हणून तिने गाळाच्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये ठेवल्या, श्रीखंडाच्या डब्याला खेटून. मी घर डोक्यावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, झाकणं घट्ट आहेत." तेव्हापासून आमचं जमलं.

चौथ्या वर्षी तिचं काँट्रॅक्ट संपत आलं. काँट्रॅक्टबरोबर इथे राहायचा पासही संपणार. तिने पंधरा ठिकाणी अर्ज केले आणि मुलाखतीला एकाच ठिकाणाहून बोलावणं आलं: जर्मनीतलं ब्रेमरहाफन, वेझर नदीच्या मुखावरचं बंदर. तिथल्या एका संशोधन संस्थेत तीन वर्षांची जागा होती. हे हुकलं तर परत नाशिक, आणि गाळाला रामराम. वडिलांनी तिच्यासाठी एका कोचिंग क्लासमध्ये शब्द टाकूनही ठेवला होता. पोरीला जेवण जाईना.

मी रॅफल्स प्लेसच्या बँकेत केस पिकवलेली बाई. मुलाखती दिल्यात आणि घेतल्यातही. मी तिला विचारलं, "त्या गावाबद्दल तुला काय माहिती आहे?"

"भरती-ओहोटीत जवळजवळ चार मीटरचा फरक पडतो."

"आणि?"

"आणि गाळ फार बारीक आहे."

मी कपाळाला हात लावला. त्या संध्याकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात दहावीच्या भूगोलासारखी उजळणी सुरू झाली. मी भाजी चिरता चिरता प्रश्न विचारायचे, तिने पोळ्या लाटता लाटता उत्तरं द्यायची. उत्तर चुकलं की पोळीचा नकाशा व्हायचा.

वाचायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, आणि मला त्या गावाचं वेडच लागलं. ब्रेमेन हे मोठं, श्रीमंत व्यापारी शहर. पण ते समुद्रापासून साठेक किलोमीटर आत, नदीकाठी. नदीत गाळ साचत गेला आणि मोठी जहाजं शहरापर्यंत पोचेनात. तेव्हा, दोनशे वर्षांपूर्वी, ब्रेमेनकरांनी थेट नदीच्या मुखाशी शेजारच्या राजाकडून जमिनीचा तुकडा विकत घेतला आणि तिथे बंदर बांधलं. आजही हे गाव ब्रेमेनच्याच राज्यात आहे, आणि मधली सगळी जमीन दुसऱ्या राज्याची. मी हे वाचून दाखवलं तेव्हा तिचं लाटणं थांबलं.

"म्हणजे गाळ नसता तर गावच नसतं?"

"नसतं. जाऊन आधी नारळ फोड त्या गाळासमोर."

मग ती खुलली. स्वतःहून विचारायला लागली. मी तिला सांगितलं, त्या बंदरातून लाखो माणसं अमेरिकेला गेली. गरीब शेतकरी, सुतार, लेकुरवाळ्या बाया. ट्रंकांवर बसून जहाजाची वाट बघायची आणि एकदा चढली की बहुतेक जण परत यायचे नाहीत. माणसं जायची थांबली तेव्हा मासे होते. जहाजं बांधायचे कारखाने होते. युद्धात गाव जवळजवळ सगळं जळालं, बंदर मात्र बरंचसं राहिलं. आता नदीच्या काठाने मैलोन्‌मैल कंटेनर उतरतात आणि नव्या कोऱ्या मोटारी जहाजात चढतात. समुद्र आत घुसू नये म्हणून उंच बांध घातलाय, गाव त्या बांधाच्या आड बसलंय. ती म्हणाली, "आणि तुमच्या पुंगोलच्या नदीला बांध घालून तिचं तळंच करून टाकलंय. मुखच ठेवलं नाही." मी म्हटलं, आम्हाला प्यायला पाणी लागतं बाई, गाळ नाही.

एक गोष्ट मात्र मी उजळणीतून वगळली. कारखाने बंद पडले होते. दूरच्या समुद्रातली मासेमारी आटली होती. पुष्कळ माणसं बेकार झाली, तरुण गाव सोडून गेले. तिने ते कुठेतरी वाचलं आणि विचारलं, "हे सांगायचं का?"

"अजिबात नाही," मी बजावलं. "पाहुणी म्हणून गेल्यावर यजमानांना 'तुमच्या भिंतीला ओल आलीये' असं म्हणतं का कोणी?"

मुलाखत दुपारी होती, तिकडची सकाळ. ती तिच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. शिट्टी नको म्हणून मी कुकर लावला नाही, पंखासुद्धा बंद केला आणि दाराशी स्टूल घेऊन बसले. उगाच सभ्यतेचा आव आणत नाही, मी कान लावूनच बसले होते. गाळाचं सगळं झकास झालं. मग पॅनेलवरची एक बाई म्हणाली, "आमचं गाव श्रीमंत नाही. भर वस्तीतली दुकानं बंद आहेत, हिवाळा करडा असतो. चांगली माणसं येतात आणि वर्षभरात हँबर्गला पळतात. तुम्ही का राहाल?"

नेमका तोच धडा मी गाळला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग तिचा आवाज आला. "मला कारखान्यांचं माहीत आहे. माझ्या घरमालकीणबाईंनी ते बोलू नको म्हणून सांगितलंय." कोणीतरी हसलं. "त्या या पुंगोलला राहायला आल्या तेव्हा इथे नुसती माती आणि क्रेन होत्या, रेल्वेची निम्मी स्टेशनं बंद होती. सगळे त्यांना जा म्हणत होते. त्या सांगतात, नव्या गावात आधी एक दुकानदार गाठायचा आणि रोज त्याच्याकडेच जायचं. तो ओळखायला लागला की गाव ओळखायला लागतं. चार वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिलेय. राहायचं कसं ते मला येतं. मी तिथे मासेवाल्यापासून सुरुवात करीन."

"मासे आमच्याकडे उत्तम मिळतात," ती बाई म्हणाली.

ही पोरगी अंड्यालासुद्धा हात लावत नाही! मी पदर तोंडात कोंबून हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. जेवताना मी वटवट करते ते ही ऐकत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आठवड्याने निवड झाल्याचा मेल आला. ती नाचली, तिने मला गरगर फिरवलं. मी तोंडभरून कौतुक केलं, शिरा करायला घेतला आणि रवा करपवला. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याचा रागही येत होता. एवढी जिवापाड तयारी करून घेतली ती कशासाठी? ती इथून जावी म्हणूनच ना?

तिच्या ते लक्षात आलं असावं. करपलेला शिरा मुकाट्याने खाऊन झाल्यावर म्हणाली, "काकू, नाही म्हणून कळवू का?"

"कळवून बघ. भाडं दुप्पट करीन."

निघायच्या दिवशी चांगी एअरपोर्टला सोडायला गेले. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोकरीचे मोजे, सगळं कोंबलं होतं. आत जायच्या आधी ती वाकून पाया पडली आणि मला घट्ट धरून म्हणाली, "तीन वर्षांचं तर काँट्रॅक्ट आहे, काकू. संपलं की इथेच येते."

"ये हो," मी म्हणाले.

ती काचेपलीकडे दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी होते. मी मिरजेहून सिंगापूरला निघाले तेव्हा मीही दारात आईला हेच सांगितलं होतं, तीन वर्षांचं तर आहे, संपलं की येते. आईसुद्धा अशीच, याच आवाजात 'ये हो' म्हणाली होती. मला तेव्हा वाटलं होतं, तिला ते खरं वाटलं.