सुमनफुईचे हात

सुमनफुईला चुलीची झळ लागली नव्हती. तिला कॅन्सर होता.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

फुई म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. चाळीसगावजवळच्या आमच्या गावात लग्न असो की आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, मांडे तिच्याच हातचे. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद सोडायची.

खापराजवळ ती कुणालाही येऊ देत नसे. सुनेलासुद्धा नाही.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तिच्या पापण्या जांभळट झाल्या. मग गळ्याखाली आणि खांद्यांवर लाली आली. बोटांच्या सांध्यांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले.

सगळ्यांना कारण लगेच सापडलं. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली बाई. लग्नसराई चालू. झळ.

गावातल्या डॉक्टरांनी क्रीम दिलं. फुईने ते दोनदा लावलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

मी फोनवर म्हटलं, "फुई, एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवू."

"डॉक्टरले काय समजस मांडा? झळ लागेल शे. बठ्ठ्या बायास्ना हात असाच ऱ्हातस."

"सगळ्या बायांच्या पापण्या जांभळ्या नसतात."

"तू मशीन दुरुस्त कर, माय. माले राहू दे."

मी बायोमेडिकल इंजिनियर आहे. जळगावच्या एका हॉस्पिटलमधली मशीन्स सांभाळते. त्वचेतलं मला काही कळत नाही, हे तिचं म्हणणं बरोबर होतं.

त्याच सुमारास घरात एक नवल घडलं. फुईने तिच्या सुनेला, वैशालीवहिनीला, खापराजवळ बोलावलं.

"ये, शिकी ले. मी काय जलमभर पुरसू?"

स्वतः बाजूला पाटावर बसून ती सूचना द्यायची. वहिनीचा पहिला मांडा फाटला तर म्हणाली, "हाऊ मांडा शे का मच्छरदाणी?" सगळे हसले. वय झालं, सासू मऊ झाली, असं घरात बोलू लागले. वहिनी तर खूप खूश होती.

शेवटी वहिनीनेच तिला गोड बोलून धुळ्याला स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मी जळगावहून थेट तिथे गेले.

डॉक्टर मॅडमनी पापण्या बघितल्या, बोटांचे सांधे बघितले. क्रीमबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं:

"आजी, केस स्वतः विंचरता का?"

फुईने वहिनीकडे बघितलं.

"हात डोक्याच्या वर न्या बरं."

हात खांद्यापर्यंत गेले आणि थांबले.

वहिनी हळूच म्हणाली, "आखाजीच्या आधीपासून मीच विंचरते. मला वाटलं, लाड करून घेतायत."

फुई भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "मांडा हातवर धराता नही येस आते. कोनले सांगू?"

म्हणजे मऊ बिऊ काही झाली नव्हती ती. हातातलं बळ गेलं होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तिने आपलं खापर सुनेच्या हवाली केलं होतं. आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

डॉक्टर मॅडमनी नीट समजावून सांगितलं. हा त्वचेचा आणि स्नायूंचा एकत्र आजार आहे. सगळ्यांना नाही, पण या वयात काहींना तो आत कुठेतरी असलेल्या कॅन्सरमुळे होतो. त्यामुळे क्रीम देऊन थांबता येणार नाही, आत शोधावं लागेल.

शोधलं. अंडाशयात सापडला. तिथून पोटात पसरलेला होता.

स्टिरॉइड सुरू झाले तसा पापण्यांचा रंग उतरला. गावातले लोक भेटायला येऊन म्हणायचे, "आते मस्त दिसस अक्का." रिपोर्ट काय म्हणतात ते घरातल्यांना माहीत होतं. फुईलाही माहीत होतं. तिने विचारलं होतं आणि तिला सांगितलं होतं.

एका केमोच्या वेळी मी तिच्याजवळ बसले होते. सलाईनच्या पंपाकडे बघत तिने विचारलं,

"पह्यलेच सांगेल ऱ्हातं, तर काही फरक पडता का वं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, फुई."

तिने पंपावरची नजर माझ्याकडे वळवली.

"तुले खोटं बी बोलता येस नही."

आणि हसली. मग माझा हात हातात घेऊन झोपली.

मी तेव्हा बोलले ते खरं होतं. लवकर कळलं असतं तर ती वाचली असती का, हे मला आजही माहीत नाही. प्रत्येक लाल चट्टा म्हणजे कॅन्सर नाही, हे मात्र माहीत आहे. कृपया घाबरू नका.

पण घरातल्या एखाद्या बाईच्या अंगाचा रंग बदलला आणि त्याच वेळी तिने हातातलं काम दुसऱ्याला देऊन टाकलं, तर कौतुक करण्याआधी तिला हात वर करून दाखवायला सांगा.

आणि तुमचेच हात वर होत नसतील, तर सांगा. कुणालाही सांगा. बळ गेलं म्हणून माणसाची किंमत जात नाही. फुईला हे कुणी म्हटलं नाही. म्हणायला हवं आहे हेच आमच्या लक्षात आलं नाही.

फुई, तुला नमस्कार. शांत झोप.