कोरडी जाळी

काकू अंगणात पाटावर बसून मोटारीची जाळी धुवायची, तेव्हा तिला कुणी हाक मारायची नाही. दारात पाहुणा आला तरी तो उभा राही. परतूरच्या आमच्या गल्लीत बायका धान्य निवडत, पापड लाटत. पदर खोचून, कोपरापर्यंत घासलेटात हात घालून बसणारी बाई एकच होती. काकांची कपाशीची आडत होती आणि मोटार त्यांची होती. पण मोटारीच्या पुढच्या झाकणाखालचा तो गोल डबा काकूचा होता. इंजिन हवा ओढतं ती या डब्यातून, आणि डब्यात तारांची दाट जाळी असते, धूळ अडवायला.

ही जाळी टाकून द्यायची नसते, धुऊन परत वापरायची असते. घनसावंगीची कच्ची वाट, बैलगाड्यांनी दळलेली काळी माती. एका फेरीत जाळी अशी भरे की जणू शेणानं लिंपली आहे. काकू ती परातीत घासलेटात बुडवून हळूहळू हलवायची. आपटायची नाही, ब्रश लावायची नाही. "तार वाकली की तिथून धूळ वाट काढती," म्हणायची. घासलेट स्वच्छ निघेपर्यंत बदलायची, मग जाळी सावलीत वाळवायची आणि शेवटी इंजिनाच्या तेलात बुडवून खुंटीला टांगायची. थेंब गळायचा थांबला की मगच डबा बंद. तेल जास्त राहिलं तर मोटार काळा धूर ओकते, हे तिनं एकदा पाहिलं होतं आणि ती ते विसरली नव्हती.

तेलाबद्दल तिचं लोकांशी कायम भांडण. जालन्याचे एक वकील, काकांचे स्नेही, एकदा डब्यात डोकावून म्हणाले, "वहिनी, एवढी धुऊन पुन्हा चिकट कशाला केली?"

"चिकट हाय म्हणून तर धूळ तिथं बसती, वकीलसाहेब. कोरडी ठेवली तर दिसायला चांदी, आन् धूळ सरळ आत."

"म्हणजे कोरडी जाळी निरुपयोगी?"

"बिलकुल. उघडं दार आन् कोरडी जाळी एकच."

काका या कामात पडत नसत. एकदाच पडले, आणि तेही भक्तिभावानं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, मापं, काटे पूजेला मांडलेले. खुंटीवरची ओली जाळी पाहून काकांना वाटलं, हिला का वगळायचं? मूठभर हळद, मूठभर कुंकू, वर झेंडूची पाकळी. तेलात कुंकू असं बसलं की पुसता येईना, आणि तशीच जाळी डब्यात गेली. दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघालेली मोटार वेशीपर्यंत खोकत गेली आणि थांबली. ड्रायव्हर गफूरभाईंनी डबा उघडला आणि हसू दाबत म्हणाले, "मालक, गाडीला सवाष्ण केली तुम्ही." पुढं कितीतरी वर्षं काकांना चिडवायला काकूला तेवढं एक वाक्य पुरे.

गफूरभाई त्या घरचे माणूस होते. काकूला अक्का म्हणत. जाळी काढून देणं आणि बसवणं त्यांचं काम, मधलं सगळं तिचं. दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही. "अक्का, झालं का?" "गळून राह्यलंय अजून." एवढंच.

मला ती 'पत्रकवाल्या' म्हणायची. माझे वडील निजामाच्या हद्दीपलीकडून बंदी असलेली पत्रकं आणायचे आणि मी अक्षरं शिकलो ती त्यांवरच, पुढं स्वतःही पत्रकं लिहू लागलो. शेवटच्या त्या वर्षी कॉलेज सुटलं आणि मी परतूरला येऊन राहिलो, तेव्हा निजामी राजवट अखेरच्या घटका मोजत होती आणि म्हणूनच जास्त चवताळली होती. सरकारच्या मेहेरबानीनं हिंडणारे बंदूकवाले गावोगाव धाडी घालत होते. एका सकाळी त्यांच्या म्होरक्याचा माणूस दारात आला. परवापासून मोटार हवी. ड्रायव्हरसकट.

काका ओसरीवर खाली मान घालून बसले. मी म्हणालो, "मोटार जाळून टाका. नाहीतर तिच्यात बसूनच ते गावं जाळतील."

काकू म्हणाली, "जाळून टाकली तर जबाब कोण देईल? गफूर. त्याच्याच ताब्यात हाय ना गाडी."

"मग गफूरभाईंनी हद्द ओलांडावी."

गफूरभाई पायरीवर बसले होते. शांतपणे म्हणाले, "बायको-पोरं इथंच हायेत, भैया. मी गेलो तर त्यांना धरतील. वाटेत गाडी बंद पडली तरी मलाच धरतील."

"आन् चांगली चालली तर?" काकूनं विचारलं.

गफूरभाई उठून मोटारीकडे गेले.

दुपारी काकूनं जाळी मागितली. नेहमीसारखी घासलेटात धुतली. मग जे कधी केलं नव्हतं ते केलं: सोड्याच्या गरम पाण्यातून पुन्हा पुन्हा काढली, तारेवर तेलाचा पुसटसा अंशही राहीना. उन्हात ठेवली. ती आरशासारखी चकाकू लागली. तेलाच्या डब्याकडे तिनं पाहिलंही नाही. गफूरभाईंच्या हातात जाळी देऊन म्हणाली, "एकदम न्हाई पडायची बंद. हळूहळू दम जाईल. तुझ्यावर येणार न्हाई कुणी."

गफूरभाईंनी जाळीवरून बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं. "अक्का, बराबर आहे," म्हणाले आणि स्वतःच्या हातानं डबा बंद केला.

मोटार न्यायला आलेल्यानं झाकण उघडून पाहिलं. जाळी बघून खूश झाला. "वा! घरवालीने चमका के रखी है."

मी तिला विचारलं, "किती दिवस लागतील?"

"धुळीवर हाय."

"आणि तोपर्यंत?"

तोपर्यंत मोटार आमच्या घरावरून जात राहिली. तिचा आवाज आला की काकूच्या हातातलं काम थांबायचं. एका दुपारी गोदावरीच्या अंगाला धूर दिसला, आणि सकाळी मोटार त्याच वाटेनं गेली होती. त्या दिवशी ती जेवली नाही. मी मोटार जाळा म्हणत होतो, तेच बरोबर होतं असं मला आजही वाटतं. एका माणसाला वाचवायला आपण कितींना धुळीच्या भरवशावर सोडलं, हा प्रश्न मी तिला विचारला होता. ती म्हणाली, "तुझ्या पत्रकात माणसं ढिगानं असत्यात रे. माझ्या दारात एक होता." मला ते पटलं नाही. खोडताही आलं नाही.

काही आठवड्यांत मोटार चढाला धापा टाकू लागली, निळा धूर सोडू लागली. जालन्याच्या मिस्त्रीनं सांगितलं, इंजिन आतून झिजलं, वय झालं. म्होरक्यानं गाडी रस्त्याकडेला सोडून दिली आणि गफूरभाई पायी घरी आले. कुणाला कसलाही संशय आला नाही.

आणि तेच पुढं आडवं आलं. राजवट गेली, तिरंगा लागला, आणि चारच दिवसांत आपलीच माणसं काठ्या घेऊन गफूरभाईंना शोधत आली. बंदूकवाल्यांची मोटार कोण चालवत होता, हे सगळ्या तालुक्यानं पाहिलं होतं. गफूरभाई बायको-पोरांसह आमच्या माजघरात होते. काकू दारात उभी राहिली.

"ती मोटार आम्ही दोघांनी मारली. मी जाळी कोरडी दिली, त्यानं माहीत असून ती बसवली."

"कुणी पाहिलं, काकू?"

"कुणाला दिसू नये म्हणूनच तसं केलं ना रे!"

ते हसले. एक म्हणाला, "मिस्त्री तर म्हणतो गाडी म्हातारी होती. बाजूला व्हा."

ती बाजूला झाली नाही. उंबऱ्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसलो, मग काकाही आले. त्या लोकांनी शिव्या दिल्या, घोषणा दिल्या, त्यांतल्या अर्ध्या घोषणा मी स्वतः लिहिलेल्या होत्या. दिवस कलला तेव्हा ते एकेक करून पांगले, पण जाताना सांगून गेले की पुन्हा येऊ.

दोन रोजांनी गफूरभाईंनी बिऱ्हाड बांधलं. काकू म्हणाली, "कुठं जातूस? मी हाय ना."

"तुम्ही हायेत म्हणूनच, अक्का. मी राह्यलो तर तुम्हाला रोज उंबऱ्यावर बसावं लागेल."

तिनं त्यांना भाकरी बांधून दिल्या. ते गेले ते हैदराबादेकडे, एवढंच कळलं.

पुढं काकांनी दुसरी मोटार घेतली. नवा ड्रायव्हर भला पोरगा होता. पहिल्याच आठवड्यात जाळी काढून घेऊन अंगणात आला, घरात हे काम कोण करतं ते त्यानं बाजारात ऐकलं होतं. "काकू, तेल किती लावायचं असतं?"

तिनं जाळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मला त्यातलं काही कळत न्हाई, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.