लिहून देणार

जमुनाताईंना मी पहिल्यांदा भेटले ती माझ्या आईला घेऊन, आणि त्या दिवसाचा राग मला अजून येतो. त्यांचा नाही, माझा. आजोळची जमीन सरकारने घेतली होती, तिच्या बदल्यात सरकारी योजनेतून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा प्लॉट मिळायचा होता, आणि तो मामाच्या एकट्याच्या नावावर व्हावा म्हणून आईने हक्क सोडायचा होता. आई घुटमळत होती. मी खारघरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. त्याच आठवड्यात स्त्रीवादी समीक्षेवर घसा बसेपर्यंत बोलले होते. तरी आईला म्हटलं, "करून टाक ना सही, कशाला भावाशी वाकडं?" तीन वाजता माझं लेक्चर होतं, बाकी काही नाही.

तालुक्याच्या नोंदणी कचेरीसमोर एका अरुंद गाळ्यात जमुनाताई दस्त टाइप करतात. चोवीस वर्षं झाली. पन्नाशी उलटलेली, बारीक अंगाची बाई. बोटं कीबोर्डवर आणि तोंड प्रिंटरला शिव्या घालण्यात गुंतलेलं. मूळच्या जासई गावच्या. नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतो. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या एकच धडा देतात. आईलाही दिला.

"आत साहेब इचारतील, कागद वाचला का, मान्य हाय का. हो बोलायचं. दुसरं काय बोलायचं नाय."

मी प्रिंट वाचून पाहिली तर तिसऱ्या पानावर आईच्या जागी कोणा मुक्ताबाईचं नाव. ताईंनी जीभ चावली. "गेल्या आठवड्यातली हाय ती. राहिली बघ." संगणकात 'हक्कसोड बहीण' नावाची एकच फाइल होती. बहीण आली की नाव बदलायचं, गाव बदलायचं, वय बदलायचं. मजकूर तोच: 'मी लिहून देणार, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने, भावावरील प्रेमापोटी, विनामोबदला...' बहीण नेहमी 'लिहून देणार' आणि भाऊ 'लिहून घेणार'. लिहून देणारीने आयुष्यात त्यातलं एक अक्षर लिहिलेलं नसतं. मी मास्तरकीच्या खुमखुमीने विचारलं, "ताई, यातली 'मी' म्हणजे कोण?"

"कोन नाय. फाइल हाय ती."

आईने सही केली. मी तीनचं लेक्चर गाठलं. नंतर मात्र मी अधूनमधून त्या गाळ्यात जाऊन बसू लागले. कशाला, विचारू नका. स्वतःला टोचून घ्यायचीही सवय लागते.

यंदा मार्चमध्ये ताईंचा फोन आला. "मास्तरीनबाई, शुक्रवारी मोकळी हायस का? कचेरीत ओळख पटवायला साक्षीदार म्हनून एक बाई पायजे."

"कोणाची ओळख?"

"माजी."

त्यांचे थोरले भाऊ, जानूदादा, माहेरच्या प्लॉटवरच्या ताईंच्या हक्कसोडीचा कागद करून घ्यायला आले होते. प्लॉट घेणारा बिल्डर घाई करत होता. दादा स्वतः चांगला माणूस, हे ताईच सांगत. गावात पोरींना दहावीनंतर घरी बसवायचे, तेव्हा ह्यानेच बापाशी भांडून जमूला टायपिंगच्या क्लासला घातलं, रोज सायकलवर सोडलं. त्यामुळेच ताईंना जास्त त्रास होत होता. वाईट भावाला नाही म्हणता येतं. ह्या भावाने धमकी दिली नव्हती, आवाज चढवला नव्हता. जाताना फक्त म्हणाला होता, "तुज्या वयनीला तू ओळखतंस. सही नाय झाली तर मंग गणपतीला येयाला तुलाच बरं नाय वाटनार." आणि शेजारच्या टपरीवरून तिच्यासाठी चहा पाठवून गेला होता.

त्या आठवड्यात मी दोनदा गेले. ताईंचं कशात लक्ष लागत नव्हतं. टाइप करता करता उठायच्या, दारात जायच्या, परत बसायच्या. एका गिऱ्हाइकाच्या भाडेकरारात त्यांनी भाडेकरूच्या जागी घरमालकाचं नाव घातलं आणि वर त्यालाच झापलं. मी कायदा सांगायला लागले, मुलीचा समान हक्क वगैरे. त्या भडकल्याच.

"कायदा मला शिकवतंस? चोवीस वर्सं मी कायद्याच्या दारात बसलेय. मला प्लॉट नको. मला माजा भाऊ पायजे. पन ते 'राजीखुशीने' टाइप करायला गेले ना, की बोट थांबतंय. हजार बायकांचं टाइप केलं, तवा नाय थांबलं."

त्या हजारांत माझी आई होती.

शुक्रवारी जानूदादा झोकदार शर्ट घालून आले, हातात साडीची पिशवी. ताईंनी दस्त आधीच काढून ठेवला होता. दादांनी न वाचता सह्या केल्या, ताईंनीही केल्या. आत नंबर लागला. फोटो झाला, अंगठा झाला. साहेब तरुण होते, ताईंना ओळखणारे. हसून म्हणाले, "तुम्हाला काय विचारायचं जमुनाताई, पण नियम आहे. दस्त वाचला?"

"मीच लिवलाय. तुमी वाचा."

साहेबांनी सवयीने पानं उलटली आणि दुसऱ्या पानावर थांबले. मग मोठ्याने वाचलं. "'मी लिहून देणार, सही न केल्यास भाऊ बोलणार नाही व माहेर तुटेल या भीतीने, नाखुशीने, माझा हक्क सोडून देत आहे.' हे काय आहे?"

"खरं हाय ते."

"अहो, असा दस्त नोंदवता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मग कसला नोंदवता येतो, साहेब? खोटा?"

रांगेत मागे कोणीतरी हसलं. जानूदादांचा चेहरा काळवंडला. साहेबांनी दस्त बाजूला ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला. खरं सांगायचं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ताईंना मात्र कसलाच आनंद नव्हता. त्यांनी बाजूला ठेवलेला दस्त उचलला आणि दाराकडे चालू लागल्या.

बाहेर जिन्यापाशी दादा म्हणाले, "जमू, चारचौघांत अब्रू काढलीस माजी. मी कदी बोललो, माहेर तुटेल म्हनून?"

"नाय बोललास?"

"नाय! तू बहीन हायस माजी. सही केलीस, नाय केलीस, घर तुजंच हाय."

ताई रस्ता ओलांडून गाळ्यात गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी उभ्याउभ्याच टाइप केलं, यावेळी कोणतीही फाइल न उघडता. कोऱ्या कागदावर एकच ओळ निघाली: 'जमुना हिने सही केली नाही तरी ती माझी बहीण आहे व माझ्या घरी तिचे येणेजाणे कायम राहील.' खाली दादांचं पूर्ण नाव. त्यांनी कागद दादांपुढे ठेवला आणि वर पेन.

"आता बोललास, तेच हाय. कर सही. मग मी तुला पायजे तसा दस्त काढते, राजीखुशीचा."

दादांनी पेन उचललं. ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कागद उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात सारली.

"वकिलाला दाखवून सांगतो," ते म्हणाले.