दोन पुढाऱ्यांचं हस्तांदोलन

ब्राँझच्या ओतकामात अक्काचा हात धरणारं त्या शहरात कुणी नव्हतं, आणि भांडणातही नव्हतं. वडिलांच्या माघारी कारखाना तिने आणि धाकट्या भावाने मिळून चालवला. धाकटा आपला नुसता म्हणायला. त्यालाही आता नातवंडं झाली होती.

दोघांचं सगळ्यात जमे, एक विषय सोडून. त्यांच्या लहानपणी युद्ध झालं होतं. देशाचे पंतप्रधान आणि मित्रदेशाचे अध्यक्ष यांनी मिळून शत्रूला पाणी पाजलं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्या दोघांत मोठा कोण, असं कुणी विचारलं की या भावाबहिणीत ठिणगी पडलीच.

भाऊ पंतप्रधानांचा भक्त. तळघरात लपलेलं असताना रेडिओवर त्यांचा आवाज आला की मांडीवरचा हा गडी रडायचा थांबे, असं आई सांगायची. अक्का त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या लक्षात राहिली होती ती भूक, आणि अध्यक्षांच्या जहाजातून आलेलं पीठ. भाषणांनी पोट भरत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. माणूस नुसत्या पोटावर लढत नाही, हे भावाचं.

मग दोन्ही पुढाऱ्यांची झाडाझडती सुरू होई. पंतप्रधान युद्ध जिंकले आणि लगेच निवडणूक हरले, मग नव्वदीपर्यंत गुलाब लावत बसले. मागे काय, तर भाषणं आणि रस्त्यांना नाव. अध्यक्ष बिचारे विजय बघायच्या आधीच गेले, पण धरणं, दवाखाने आणि म्हाताऱ्यांची पेन्शन ठेवून गेले. अक्काने पंतप्रधानांना बोलघेवडा म्हणावं, भावाने अध्यक्षांना घुम्या म्हणावं, आणि दुपारी दोघांनी दोन कोपऱ्यांत डबे उघडावेत. कामगारांची तेवढीच करमणूक होई.

ती करमणूक नगरपालिकेने संपवली. मुख्य चौकासाठी दोन्ही पुढाऱ्यांचा, हस्तांदोलन करतानाचा, माणसाएवढा पुतळा हवा होता. भावाने पंतप्रधान घेतले, अक्काने अध्यक्ष. मध्ये ताडपत्री लागली आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही असं ठरलं. त्यात एकदा कशावरून तरी वाजलं आणि भाऊ बोलून गेला, हे काम संपलं की कारखान्याची वाटणी करू.

अक्का "करू" म्हणाली आणि घरी जाऊन रडली. वडिलांनी पोटाला चिमटा काढून उभ्या केलेल्या कारखान्याचे दोन तुकडे झालेले तिला बघवणार नव्हते. पण माघार घेईल तर ती अक्का कसली?

दोन्ही पुतळे झाले, आणि झाले तेही नजर लागावी असे. ताडपत्री काढली. कामगारांनी साखळ्यांनी पुतळे उचलून समोरासमोर आणले, आणि हात काही जुळेनात. भावाने पंतप्रधानांचा हात पालथा केला होता, म्हणजे तो वर राहील. अक्काने अध्यक्षांचाही पालथाच केला होता. दोन्ही हात वरचे. खालचा व्हायला कुणीच तयार नाही. दोन थोर पुरुष एकमेकांना चापट मारायला निघाल्यासारखे उभे. वेल्डरला हसू आवरेना.

अनावरण तोंडावर आलेलं. भाऊ म्हणाला, तुझा फिरव. अक्का म्हणाली, तुझा फिरव. काम नाकारलं गेलं असतं तर वाटणी करायला अब्रूसुद्धा उरली नसती.

"दोघांचेही कापू," ती शेवटी म्हणाली. "एकाचाच कापला तर दुसरा जिंकेल. दोन्ही हात एका साच्यात, एकदमच ओतायचे."

नमुना म्हणून दुसरे हात कुठून आणणार? दोघं टेबलाशी समोरासमोर बसली, एकमेकांचा उजवा हात धरला, अंगठे वर, कुणाचाच हात खाली नाही. साचेवाल्याने वरून प्लास्टर थापलं. आता ते घट्ट होईपर्यंत उठायची सोय नव्हती. कामगार समजून बाहेर गेले.

मग भावाने विचारलं, "तू पिठाच्या रांगेत असायचीस, तेव्हा मी कुठे असायचो गं?"

"कुठे असणार? माझ्या कडेवर. इतका भोकाड पसरायचास की लोक मला रांगेतून हाकलायला निघायचे." पुढचं अक्काने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. "दुकानात रेडिओ होता. तुझा तो बोलघेवडा बोलायला लागला की तू गप्प व्हायचास. म्हणून मला पीठ मिळायचं."

भावाचे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा असूनही त्याने पुसले नाहीत. "आणि मी ते खाल्लं," तो म्हणाला. "त्या घुम्याचं."

अक्का हसली, हसता हसता रडली, आणि हात हलवू नकोस म्हणून त्याच्यावरच ओरडली.

ब्राँझचा रस एकाच मुशीतून ओतला गेला. भोक नाही, चीर नाही. बोटं बोटांत अशी बसली होती की मूळ हात कुणाचा, हे वेल्डरलाही सांगता येईना. अनावरणाला चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडदा सरकला आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दोन्ही देशांचे म्हातारे सैनिक पुढाऱ्यांच्या पायांशी उभे राहून मोठा कोण यावर तावातावाने भांडत होते, आणि अक्काचा ऊर अभिमानाने भरून आला होता.

तेवढ्यात शेजारच्या शहराचे नगराध्यक्ष गर्दीतून वाट काढत आले. त्यांनाही पुतळा हवा होता. पण वाटणीची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. काम भावाला द्यायचं की बहिणीला, त्यांनी चाचरत विचारलं.

"कारखाना एकच आहे," भाऊ म्हणाला. "आणि त्यात अक्काला विचारल्याशिवाय काही होत नाही."