खोली थोडी गरम झाली आहे

“अहो, आवाज गुड्डीचाच भरा. तिच्यावर कोणी चिडत नाही,” आई आतल्या खोलीत पप्पांना सांगत होती.

गुड्डी म्हणजे मी. आवाज भरायचा होता मशीनमध्ये. पप्पांची केळी पिकवायची खोली शहराबाहेर आहे. आतला गारवा गेला की केळी बिघडतात, म्हणून तिथे हे मशीन बसवलं. खोली तापली की ते आपणहून फोन लावतं आणि भरलेला निरोप ऐकवतं. ऐकणाऱ्याने नऊ दाबलं की थांबतं, नाहीतर पुढचा नंबर! पुस्तिका इंग्रजीत, म्हणून काम माझ्याकडे. (घरात इंग्रजीत जे येतं ते माझ्याकडेच येतं, मिक्सरच्या वॉरंटीसकट.)

“पहिला नंबर तुमचा टाकते,” मी म्हणाले.

“आबांच्या आधी माझा? बरं दिसतं का?”

आबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, जवळच जसोंडी गावात असतात. लग्नपत्रिका वाटावी तसे मी नंबर भरले: आबा, असीरगडची आत्या, मग पप्पा, शेवटी मी. खोलीची किल्ली फक्त पप्पांकडे. आबांना आणि आत्याला मशीनचं सांगायचं राहून गेलं.

निरोप मी असा भरला: “नमस्कार. त्रास दिल्याबद्दल माफ करा. खोली थोडी गरम झाली आहे. कृपया नऊ दाबा.” ‘थोडी’ मी मुद्दाम घातलं. उगाच कोणी घाबरायला नको!

पप्पांना पहिल्यांदाच एका मोठ्या व्यापाऱ्याचा माल पिकवायला मिळाला होता. तो बिघडला असता तर पुन्हा मिळणार नव्हता. आणि माल खोलीत लागला त्याच दुपारी तिथलं कूलिंग बंद पडलं.

आबांनी फोन उचलला.

“कोण, गुड्डी? बोल बेटा.”

“खोली थोडी गरम झाली आहे.”

“मंग पंखा लाव ना!”

“कृपया नऊ दाबा.”

आबांनी फोन ठेवला आणि बहिणीला लावला. “पोरगी गरमीनं बडबडून राहिली.” आत्यालाही तोवर माझा फोन येऊन गेला होता. तिने निदान केलं, “पोरीले ताप चढला!” मग तिने पप्पांना फोनवर धरलं. “पोरगी घरात उकडून निघाली, अन् तू एसी केळ्यांना लावला?” पप्पा तिला समजावत बसले आणि मशीनला त्यांचा फोन बिझी मिळत राहिला.

उरले मी. माझा फोन सारखा वाजत होता, पण नंबर अनोळखी! अनोळखी नंबर मी उचलत नाही. मशीनचा नंबर सेव्ह करायचं सुचलं नव्हतं. (पुस्तिकेत ते लिहिलं होतं. ठळक अक्षरांत.)

तेवढ्यात आबाच माझी दृष्ट काढायला नारळ घेऊन दारात हजर. “कुठंय ताप?” माझा फोन पुन्हा वाजला. “उचलत काऊन नाही?” म्हणत त्यांनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

“नमस्कार. त्रास दिल्याबद्दल माफ करा. खोली थोडी गरम झाली आहे…”

आबांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तू तर हितं उभी आहे. मंग ही कोण?”

पप्पांनी आत्याचा फोन तसाच सोफ्यावर टाकला आणि चप्पल न घालता किल्ली घेऊन पळाले. (माल वाचला. थोडक्यात.)

मशीनने निरोप पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. आबांनी फोन माझ्यापुढे धरला. “घे. तूच बोल तिच्याशी.”

फक्त नऊ दाबायचं होतं. पण समोरची मुलगी इतक्या अदबीने माफी मागत होती की माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही नाही, काही हरकत नाही.”